मिस्त्रींच्या गिटारीतली अडतिसावी ओवी

इहिरीवरची पाण्याची मोटार आजारी पडली म्हंजे तिचं नेमकं काय दुखतंय, त्ये मिस्त्री न उघडता सांगायचे. स्क्रूडायवरचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आन् डोळं मिटायचं. मोटारवाला समोर तोंड बारीक करून हुबा. जरा वेळानं मिस्त्री म्हणायचे, “पावणं, हिचं बेअरिंग चांगलं हाय. तिसरी कॉइल रडतीया.” उघडून बघावं तर तिसरी कॉइल करपून काळी झालेली. बारा वर्षं मी त्येंच्या दुकानात तार गुंडाळली. त्येंचा कान चुकलेला मला तरी ठावं न्हाय.

नाव न्हाय सांगत त्येंचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, सगळी मिस्त्रीच म्हणायची, मीबी मिस्त्रीच म्हणत आले.

दिसायला उंच, काठीवानी. केस पार खांद्यापतोर. आमचं कोल्हापूर तालमीचं गाव. हितं बाप्या माणसानं डोकं बारीक करून, मान ताठ ठिवून चालायचं. ह्येंचं केस वाऱ्यावर. पँट खालनं घेरदार, ट्रकाच्या ताडपत्रीची, सोताच शिवलेली. चालले की खसाखसा वाजायची. तालमीची पोरं वाटंत अडवायची. म्हणायची, मिस्त्री, वेणी घालू का? मिस्त्री म्हणायचे, “घाल की. पर तीन पेडाची घाल, माझी लाईन थ्री फेज हाय.” पोरं हसायची आन् वाट सोडायची. त्येंच्यावर कुणाला लई वेळ राग धरता यायचा न्हाय.

बाप कल्हईवाला, आजा कल्हईवाला. घरात म्हातारी आई. मोहरमात त्येंच्या दारात पंजे बसायचे, तवा गल्लीतल्या आमी सगळ्या बाया नारळ घिऊन जायचो. लगीन केलं न्हाय. आई म्हणायची, माझ्या लेकानं मोटारीसंगं निका लावलाय, नातवंडं कुठनं यायची?

मी जतकडची, दुष्काळातनं आलेली. मालक आदल्या सालीच पोटात दुखायचं निमित्त हून गेले. पदरात एक लेक, दोन वर्षाची. सहा म्हैनं खडी फोडली. लेक तितंच गेली. मग थोरली भन हुती कोल्हापुरात, तिच्याकडं आले. मेव्हण्यानं मिस्त्रींच्या दुकानात झाडलोटीला लावलं. कुणी इचारलं तर मी एवढंच सांगायची. त्यात वाढवून सांगण्यासारखं काय न्हवतं.

आठ दिस झाडलं आसंल. एक दिस मिस्त्रींनी माझा हात बघिटला. खडी फोडून बोटं दगडागत झालेली. म्हणले, “आक्का, तार ह्या बोटास्नी कापणार न्हाय. बस हितं.” माझ्या हातात तार दिली आन् म्होरं चाक ठिवलं. त्या दिसापास्नं मी वाइंडरबाई. उद्यमनगरात तवा बाया फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या साच्यात, वाळू भरायच्या, माल वाह्यच्या. तारंवर बसलेली बाई म्हंजे मी एकटीच. शेजारचे दुकानवाले मुद्दाम बघाय यायचे.

आता तार गुंडाळायची म्हंजे वेढं मोजावं लागत्यात. इतक्याला इतकंच. मोजायचं यंत्र मोडलेलं, आन् मला तर शंभराच्या फुडं आकडं येत न्हवतं. पैल्या दिशी शंभरावर आले आन् परत एकापास्नं धरलं. मिस्त्रींनी इचारलं, काय येतं तुला? मी म्हणलं, जात्यावरच्या ओव्या येत्यात. त्यांनी चाक फिरवून बघिटलं. मी एक ओवी म्हणली. ओवी सरस्तोर वीस वेढं झालं. परत म्हणाय लावली. परत वीस. तिसऱ्यांदा वीस. मिस्त्री मांडीवर हात मारून म्हणले, “अगं, तुझ्या गळ्यातच मीटर हाय की.”

तवापास्नं माझं मोजणं तसंच. मला चाळीस ओव्या येत हुत्या. आईच्या, सासूच्या, दोन-चार माझ्या मनाच्या. त्येंचा क्रम ठरलेला. साध्या मोटारीची कॉइल धा-पंधरा ओव्यांत हुयाची. चाळिसापतोर जायची पाळी कवा आलीच न्हाय.

मिस्त्रींच्या डोक्यात दुसरंच चाक फिरायचं, त्ये मला माझ्या दुसऱ्या साली कळलं. त्या साली रस्त्यावर एक हिप्प्यांची मोटारगाडी बंद पडली. सगळ्या अंगावर फुलं रंगवलेली. गोव्याला निघालेली माणसं, डायनामो जळलेला. ढकलत ढकलत आमच्या दुकानाम्होरं आणली. दोन बाप्ये आन् एक बाई, तिघांचंबी केस मिस्त्रींच्यावानी. मिस्त्रींची आई दारातनं बघून म्हणली, आलं बाई ह्येचं पावणं. दोन दिस ती आमच्या दारात ऱ्हायली. म्हातारीनं त्यास्नी भाकरी आन् मटणाचा रस्सा घातला, त्येंच्या नाकाडोळ्यातनं पाणी आलं तरी ती हसतच खात हुती. मिस्त्री मोडक्या इंग्रजीत त्येंच्यासंगं दिसभर बोलत. डायनामो नीट झाला. जाताना त्यांनी एक तबकडी दिली, गाण्याची.

शाहूपुरीत एक भोंगेवाला हुता. लग्नाकार्यात भोंगं आन् तबकडीचं मशीन भाड्यानं द्यायचा. मिस्त्रींनी त्येला मशीन घिऊन बोलावलं. दुपारचं दुकान बंद करून आमी तिघं बसलो. तबकडी फिराय लागली आन् त्यातनं जे आलं, त्ये ऐकून भोंगेवाला म्हणला, मशीन बिघडलं. उठून सुई काढाय गेला. मिस्त्रींनी त्येचा हात धरला.

मला इचाराल तर, दगडाची गिरणी सुरू हुती न्हवं, तसं वाटलं. मग गिरणी एकदम वरडाय लागली. मग वरडता वरडता रडाय लागली. यंत्राला रडाय येतं, ह्ये मला ठावं न्हवतं. माणसाला येत न्हवतं त्ये यंत्र करत हुतं.

तबकडी थांबली. मिस्त्रींनी ती पुसून पाकिटात घातली. मग म्हणले, “आक्का, ह्येंच्या सरकारनं पोरास्नी लढाईला चला म्हणून सांगितलं. पोरं ह्या गाण्यातनं न्हाय म्हणाली. आपल्याकडं राजाम्होरं गाणं झालं, देवाम्होरं झालं. समदं व्हय जी, व्हय जी. गाण्यातनं न्हाय म्हणता येतंय, ह्ये मला आज कळलं.”

भोंगेवाला म्हणला, पर ह्येला ना ताल ना सूर. मिस्त्री म्हणले, “सूर हाय. इजेच्या लाईनीचा सूर हाय. तंबोऱ्याला पोसाय राजा लागतो. ह्येला निस्तं प्लगपॉइंट लागतं. गरिबाच्या घरातबी आता दिवा आला, मग गाणंबी येणार.”

मी घरी गेले, चूल पेटवली, भाकरी थापल्या. खडीच्या कामावर मला एकदाबी न्हाय म्हणता आलं न्हवतं. त्येच डोक्यात घुमत ऱ्हायलं.

मग मिस्त्रींनी गिटार करायचं घितलं. तसलं वाद्य त्यांनी फक्त तबकडीच्या पाकिटावर बघिटलेलं. फणसाचं लाकूड आणलं. साच्याचं लाकडी नमुनं करणाऱ्या सुताराकडनं कापून घितलं. तारा काय सतारीच्या, काय गाडीच्या क्लचवायरीतल्या उसवून काढलेल्या. लोहचुंबक फुटक्या भोंग्यातला. सगळं कोल्हापूर ढुंडाळून जिन्नस गोळा केलं. गिऱ्हाइकं मोटारीसाठी तंगत बसायची, आन् मिस्त्री कानशीनं लाकूड घासत बसलेलं. कुणी वरडलं तर म्हणायचे, “पावणं, तुझी मोटार पाणी उपसंल. ही माणूस उपसणार हाय.”

चुंबकाभोवती एक कॉइल लागती, तीच ह्या वाद्याचा कान. केसापरीस बारीक तार. वेढं किती, तर मिस्त्रींनी हिशेब करून सांगितलं, तुझ्या चाळीसच्या चाळीस ओव्यांचा एक फेरा, असं आठ फेरं. इतकी बारीक तार की श्वास जोरात सोडला तर तुटायची. मी पदर तोंडाला बांधून चार दिस बसले. कॉइल झाली.

मिस्त्रींनी ती बसवली. तार छेडली. भोंग्यातनं आवाज आला. भोंगेवाला, शेजारचा सुतार, म्हातारी आई, सगळी टाळ्या पिटाय लागली. मिस्त्री काय हसले न्हाईत. परत छेडली. कान भोंग्याला लावला. म्हणले, बारीक हाय. ह्यात कायतरी गाळलंय. मी म्हणलं, मिस्त्री, माझा हात चुकत न्हाय. त्ये म्हणले, मलाबी तसंच वाटतंय, म्हणून तर बघतो.

दुसरा दिस रविवार. मी भनीच्या पोराला घिऊन दुकानावरनं चाललेली, तर आत मिस्त्री. कॉइल उलगडत हुते. एक एक वेढा. चार दिसाची माझी तार भुईवर पसरलेली, उन्हात सोन्यावानी चमकत हुती. दिसभर तोंडात पाणी न घिता त्यांनी वेढं मोजलं.

सोमवारी मला म्होरं बसवलं. आवाज हळू केला, दुकानातला बाकीचा माणूस बाहीर लावून दिला. म्हणले, “आक्का, आठ फेऱ्यांत आठ येळा वीस वेढं कमी हाईत. दर फेऱ्याला एक ओवी. तुझ्या चाळिसात एक ओवी अशी हाय जी तुला येती, पर तू म्हणत न्हाईस.”

ज्या गोष्टीबद्दल मी सख्ख्या भनीला बोलले न्हवते, ती ह्या माणसानं तारंतनं काढली. मोटारीच्या पोटातलं ऐकणारा माणूस, त्येच्यापास्नं मी काय लपवणार?

सांगितलं मग. खडीच्या कामावर ज्या पोरांचं नाव मस्टरात, हजेरीच्या वहीत, आसंल त्यास्नी सुकडीचा खाऊ मिळायचा. माझं नाव हुतं. लेकीचं घालायचं हुतं. कारकून म्हणला, पान सरलं, उद्या घालतो. उद्या गेले, म्हणला, नवं पान आलं न्हाय. असं आठ दिस. मी रोज तिला काखंला मारून रांगंत हुबी ऱ्हायची आन् तो म्हणंल त्येला व्हय म्हणायची. नवव्या दिशी तिला न्यायची गरज ऱ्हायली न्हाय. तिला माती दिली आन् दुसऱ्या दिशी कामाला गेले. हातोडा मारता मारता आपसूक ओवी आली. तीच माझी अडतिसावी.

मस्टर वाचीलं गं, नाव घेतलं साऱ्यांचं
शेवंती माझी राहिली, पान सरलं सायबाचं

चाक फिरता फिरता ती ओवी आली की माझं तोंड मिटायचं, हात थांबायचा, आन् मी एकोणचाळिसावी धरायची. मला वाटायचं, कुणाला कळतंय?

मिस्त्री म्हणले न्हाईत, वाईट झालं. म्हणले न्हाईत, देवाची मर्जी. नवी तार आणून म्होरं ठिवली. म्हणले, “परत गुंडाळ. समद्या ओव्या म्हण. मी बाहीर बसतो.” आन् खरंच, चार दिस त्ये दाराबाहीर बाकड्यावर बसून ऱ्हायले, गिऱ्हाइकाला आत सोडलं न्हाय. मी आठ येळा ती ओवी म्हणली. पैल्या येळी अर्ध्यात तार तुटली, जोडून परत म्हणली. आठव्या येळी तार तुटली न्हाय.

त्या कॉइलीचा आवाज कसा हुता, त्ये मला सांगाय येणार न्हाय. मिस्त्रींनी एकच तार छेडली आन् पलीकडल्या गल्लीतला लेथवाला मशीन बंद करून बाहीर आला. म्हातारी आई वट्यावर बसून डोळं पुसाय लागली. कुणी काय सांगितलं न्हवतं तिला.

त्या दिशी मिस्त्रींनी मला एकदाच इचारलं, ही ओवी गाण्यात घिऊ का? मी म्हणलं, “न्हाय. ती माझी लेक हाय, गाणं न्हाय.” तोंडातनं न्हाय निघाल्यावर माझी मीच दचकले. मिस्त्रींनी मान हलवली. परत तो इषय कवा काढला न्हाय.

गाणं त्यांनी सोताचं केलं. लग्नाच्या ब्यांडातला एक ड्रमवाला धरला. भोंगं भोंगेवाल्याचं. दर रविवारी सकाळी दुकानाम्होरं वाजवायचे. राकेल न्हाय, साखर न्हाय, लाईन हाय तर पाणी न्हाय, पाणी हाय तर लाईन न्हाय, असं गाणं. पैल्यांदा लोकांनी कानावर हात ठिवलं. चौथ्या रविवारी तालमीची पोरं मांड्या ठोकत “न्हाय, न्हाय” म्हणाय लागली. फाउंड्रीतली माणसं, राकेलच्या रांगंतनं परत आलेल्या बाया, कॉलेजची पोरं, सगळी एका ठिकाणी. अशी माणसं एका ठिकाणी म्या तवर निस्ती रांगंतच बघिटलेली.

मग आणीबाणी आली. गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायचं तर गाण्याचं शब्द आधी पोलिसांच्या सायबाला दावायचे, असा हुकूम निघाला. आमच्या मंडळाची पोरं मिस्त्रींना घिऊन गेली. सायबानं तांबडी पेन्सिल काढली. जितं जितं न्हाय हुतं, तितं तितं खोडलं. राकेल खोडलं, साखर खोडली, लाईन आन् पाणीबी खोडलं. सायब म्हणला, आता देशात न्हाय म्हणायचं न्हाय. मिस्त्रींनी कागद घितला. उरलेलं शब्द दोनच, “हाय तर”. मिस्त्रींनी रविवारी त्येच गाणं दुकानाम्होरं म्हणलं. हाय तर, हाय तर, हाय तर, आन् मधल्या जागा मोकळ्या. मोकळ्या जागंला लोकं लोळून हसली. दोन दिसांनी हुकूम आला, वाजवायचं तर वाजवा, गायचं न्हाय.

मिरवणुकीच्या दिशी सकाळी अकराच्या सुमाराला आमची ट्रॉली चौकात आली. मिस्त्री वर हुबं, गळ्यात गिटार. ड्रमवाला बाजूला. मी त्येंच्या पायापाशी बसलेली, मांडीवर जादाची कॉइल घिऊन, जळली तर बदलायला. मिस्त्रींनी त्येच गाणं निस्तं वाजवलं, शब्दाबिगर. माणसं गप्प हून ऐकत हुती. शब्द समद्यास्नी पाठ. तोंडं मिटलेली आन् हनवट्या हालत हुत्या.

म्होरं जीप आडवी आली. त्याच पेन्सिलवाल्या सायबानं निस्ता हात वर केला. भोंगेवाला लेकराबाळाचा माणूस, त्येनं भिऊन जनरेटरची वायर उपसली.

आवाज गेला. मिस्त्रींचा हात काय थांबला न्हाय. त्ये वाजवतच हुते. मी पायापाशी हुते म्हणून मला तेवढं ऐकू यायचं, मुंग्या चालल्यावानी. बाकी चौकाला निस्ता हात हालताना दिसायचा. मागनं कुणी शिट्टी मारली, कुणी म्हणलं, मिस्त्री मुका झाला. त्येंच्या तोंडाकडं बघिटलं. मोटारीचं ऐकताना मिटायचे तसं डोळं मिटलेलं, आन् गालावरनं पाणी.

असं तोंड मला वळखीचं हुतं. आठ दिस रांगंत हुबी हुते तवा माझं असंच असणार.

मी उठले. मांडीवरची कॉइल खाली ठिवली आन् माझी अडतिसावी ओवी म्हणली. मोठ्यानं. लांब शेताच्या पल्याड हाक मारावी तशी. एकदा म्हणून झाली. मिस्त्रींनी डोळं उघडलं. मी दुसऱ्यांदा म्हणली. तिसऱ्यांदा माझ्यासंगं रस्त्याच्या कडंच्या बाया म्हणत हुत्या. जात्यावरची चाल सगळ्यांच्या अंगात असती, शब्द तेवढं नवं. सगळा चौक माझ्या लेकीचं नाव घेत हुता.

सायब ट्रॉलीपाशी आला. म्हणला, ह्ये शब्द कुठं दाखवलेत? मी म्हणलं, सायब, ओवी हाय, बाया दळताना म्हणत्यात. तो म्हणला, “ही शेवंती कोण?”

मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणले, “आमच्या ब्यांडातली हाय.”

त्यास्नी घिऊन गेले. मला कुणी हात लावला न्हाय. गिटार जीपमदी टाकली, ती परत कवा दिसली न्हाय.

दोन दिस मी आन् म्हातारी दुकानाच्या वट्यावर बसून ऱ्हायलो. म्हातारी भाकरी अर्धी मोडून माझ्या म्होरं सारायची. तिसऱ्या दिशी सकाळी मिस्त्री चालत आले. डोकं भादरलेलं. एक कान सुजून लाल. ज्या कानानं ऐकायचे तोच. गल्लीतली पोरं बघत हुती, कुणीबी हसलं न्हाय. आईनं डोक्यावरनं हात फिरवला आन् आत जाऊन च्या ठिवला.

मिस्त्री बाकड्यावर बसले. मी म्हणलं, माझ्यापायी झालं. त्ये म्हणले, “ऐक आदी. फौजदारानं वही काढली. म्हणला, ब्यांडातल्या सगळ्यांची नावं सांग. पैलं माझं लिवलं. म्हणला, दुसरं? म्हणलं, शेवंती. वय? म्हणलं, दोन वरसं. लिवता लिवता थांबला. म्हणला, दोन वर्षाची पोरगी ब्यांडात काय करती? म्हणलं, सायब, आवाज तिचाच हाय. ती नसली तर गिटार वाजत न्हाय. मग कानफटात बसली.”

“मग?” मी इचारलं.

“म्हणलं, मारा, पर यादी मागितली तर खरीच देणार. खोटी कशी दिऊ? मला येडा ठरवला. पर तिचं नाव लिवलं.”

“पेन्सिलीनं?”

“शाईनं. मी बघिटलं न्हवं म्होरं बसून.”

म्हातारी च्या घिऊन आली, कप खाली ठिवला, परत आत गेली. मग इचारलं.

“पान पुरलं?”

“पुरलं की आक्का,” मिस्त्री म्हणले. “खाली लई जागा उरली.”